सलूनवाले मामा आणि नववा प्रश्न

सलूनवाल्या मामांचा आजार सापडला तो डॉक्टरांच्या नाकामुळे. कडाक्याच्या थंडीतली सकाळ, गीझर बिघडलेला आणि खुर्चीत डॉक्टर दाढीला बसलेले. मामांनी गार पाण्यात हात बुडवला, वरचा ओठ करायला डॉक्टरांचं नाक दोन बोटांत धरून जरा वर केलं, आणि बोटं जी मिटली ती उघडेचनात. दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्याने सलून डोक्यावर घेतलं असतं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटांनी सुटका झाली तेव्हा नाक लालबुंद होतं आणि डॉक्टर आनंदाने वेडे झाले होते.

"मामा, तुम्ही फार दुर्मिळ आहात," ते म्हणाले. मामांना आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. मामींनीसुद्धा नाही.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, एक खोली मिळाली. दारावर पाटी लागली: दुर्मिळ व दीर्घकालीन आजार संशोधन. आत डॉक्टर एक, सिस्टर एक, पेशंट एक. दर तीन महिन्यांनी सिस्टर मामांचा हात बर्फाच्या बादलीत दोन मिनिटं बुडवायच्या आणि मग मामा डॉक्टरांचं नाक धरायचे. नाकाऐवजी एखादा दांडा का नको, असं मामांनी एकदा विचारून पाहिलं.

"पहिलं माप नाकावर घेतलंय," डॉक्टर म्हणाले. "आता पद्धत बदलली तर आधीचे सगळे आकडे वाया."

अकरा वर्षांत चव्वेचाळीस वेळा नाक धरून झालं. डॉक्टरांनी दिलेली गोळी लागू पडली होती. एकोणीस मिनिटांची चार मिनिटं झाली होती आणि मामांचा वस्तरा चालू होता. सगळं घर त्या वस्तऱ्यावर उभं होतं.

मापाआधी फॉर्म भरायचा असे. त्यात नववा प्रश्न होता: घरात आणखी कोणाला असा त्रास आहे किंवा होता का? मामा ‘नाही’ म्हणायचे, आणि इतक्या झटकन म्हणायचे की पुढे पुढे सिस्टर ते यायच्या आधीच ‘नाही’ लिहून ठेवू लागल्या.

मग एक दिवस वरून तपासणीला साहेब आले. त्यांनी फायली चाळल्या, आलेख पाहिला, डॉक्टरांच्या नाकाकडेही जरा वेळ पाहिलं.

"पेशंट किती?"

"एक."

"एका माणसाचा अभ्यास होत नाही डॉक्टर, नुसती ओळख होते. महिनाअखेरपर्यंत दुसरा दाखवा, नाहीतर खोली एक्स-रेवाल्यांना."

खोली गेली की गोळीही जाणार होती, कारण ती बाजारात मिळत नव्हती. डॉक्टरांनी सैरभैर होऊन दिसेल त्याचे हात बर्फात घालायला सुरुवात केली. लिफ्टमन, कँटीनवाला, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, सगळ्यांनी पाळीपाळीने नाक धरलं आणि लगेच सोडलं. लिफ्टमनने तर वर हातही पुसला.

मामा बाकावर मान खाली घालून बसले होते. दुसरा पेशंट कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वीस वर्षांपूर्वी सलूनमधल्या दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा धाकटा भाऊ काम करायचा. थंडीत त्याचा हात चालत नसे. "दादा, बोटं अडकतात रे," तो सांगायचा. "कामाचं नाव काढलं की तुझं सगळंच अडकतं," मामा म्हणायचे. एके सकाळी बोटं वस्तऱ्यावर मिटली आणि गिऱ्हाइकाचा कान कापला. भरल्या सलूनमध्ये मामांनी त्याला नाटकी, कामचुकार म्हणून हाकलून दिलं. नऊ वर्षांनी डॉक्टरांचं नाक हातात अडकलं, तेव्हा पहिल्याच मिनिटाला मामांना सगळं कळून चुकलं होतं. ‘हो’ लिहायचं म्हणजे ते कबूल करायचं. त्यांना लाज वाटत होती, आणि दर तीन महिन्यांनी ती वाढतच होती.

घरी आल्यावर त्यांनी मामींना विचारलं, "तो कुठे असेल गं आता?"

"बाजारामागच्या लाँड्रीत. इस्त्रीला."

"तुला कसं ठाऊक?"

"तुमचे पांढरे कोट इतकी वर्षं कोण कडक करतंय असं वाटलं तुम्हाला?"

लाँड्रीत भाऊ वाफेत उभा होता. केस पिकले होते, पण हात झरझर चालत होता.

"हात कसा आहे?" मामांनी विचारलं.

"गरम असला की झकास चालतो. इथे आलो त्याच आठवड्यात कळलं."

अकरा वर्षांच्या संशोधनाचा मुख्य निष्कर्षही तेवढाच होता.

"चल माझ्याबरोबर. डॉक्टरांचं नाक धरायचंय."

भावाने इस्त्री बाजूला ठेवली. "वीस वर्षांनी आलास दादा, ते हे सांगायला?"

मामांना खरं ते सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं दुसरंच. "गोळी बंद होईल रे माझी," ते कसंबसं म्हणाले. भावाने इस्त्री बंद केली आणि चपला घातल्या.

खोलीत डॉक्टर नाक पुसून तयारच बसले होते. भावाने बादलीतून हात काढला, डॉक्टरांना ओलांडून पुढे गेला आणि मामांचं नाक धरलं.

"पद्धत!" डॉक्टर ओरडले, पण बोटं मिटलेली पाहून त्यांचा राग पळाला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. विसाव्या मिनिटाला डॉक्टरांनी सिस्टरांशी हस्तांदोलन केलं. पंचविसाव्याला ते काळजीने जवळ आले.

"अजून सुटत नाहीत बोटं?"

"बोटं मगाशीच सुटली," भाऊ म्हणाला. "आता मी नुसतं धरलंय."

"मग मी आकडा काय लिहू?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते काही नाक दुखत होतं म्हणून नव्हतं.

"सिस्टर," गेंगाण्या आवाजात ते म्हणाले, "नववं उत्तर खोडा. ‘हो’ लिहा. भाऊ. तो खोटं बोलत नव्हता. मीच बोलत होतो."

"आजच्या फॉर्मवर?"

"सगळ्या."

सिस्टरांनी कपाट उघडलं. चव्वेचाळीस जुने फॉर्म आणि एक आजचा, सगळे खोडून होईपर्यंत भावाने नाक सोडलं नाही, आणि मामांनीही सोडवून घेतलं नाही.