गोधडीतलं गाठोडं

टाकवे बुद्रुकहून वडगावला येणाऱ्या एसटीत ती मावशी गोधडीचं गाठोडं छातीशी धरून चढली. तान्हं मूल असणार, म्हणून मी उठून जागा दिली. ती बसली. खड्डा आला की गाठोड्याखाली तळहात घालायची. मला नसत्या चौकशांची खोड. विचारलं, "किती महिन्यांचं?"

तिने गोधडीचं टोक उघडलं. आत भाताच्या तुसात घरातले गेलेले सीएफएल बल्ब निजले होते.

"वडगावात दुकानदार माघारी घेतोय. पेटीच ठिवलीया त्यानं. आत पारा असतोय, फुटू द्यायचं न्हाई."

"उकिरड्यावर का नाही टाकत?"

"उकिरड्याचं खत आमच्याच भाताला जातंय की."

मी फुरंगटून म्हणालो, "म्हणजे लेकरू नाहीच. जागा फुकट दिली मी."

"लेकरू हाय की घरी. नात रांगती माझी, दिसंल ते तोंडात घालती. तिच्यापायीच तर ह्ये जपून न्यायचं."

वडगावला उतरताना तिने गाठोडं क्षणभर माझ्याकडे दिलं. खाली उभं राहून तिने हात पुढे केले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी त्या गाठोड्याची मान सावरून धरली होती.