सुमनमावशीचा पंप

भिलाईजवळच्या चरोद्यात, आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या ओळीत, सकाळी पहिली शेगडी पेटायची ती सुमनमावशीची. नवरा यार्डात कामाला, त्याच्या पाळीसोबत तिचा दिवस सुरू व्हायचा. कोळशाच्या चुऱ्याचे गोळे ती स्वतः वळायची, दारात बसून शेगडी फुंकायची, आणि निखारे फुलले की ओळीतल्या बायका चिमटा अन् घमेलं घेऊन तिच्या दारी हजर. "घेऊन जा वं, विस्तवाले कोनी नाई म्हनते का?" हे तिचं रोजचं. विस्तव मागायला आलेल्या बाईला तिने कधी रिकाम्या हाती धाडलं नाही.

गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्यासाठी शेगडी राहिलीच. खोकलाही राहिला. पण खोकल्याला आमच्याकडे आजार म्हणतं कोण? चार पावलांवर थांबून श्वास घेणाऱ्या मावशीला शेवटी मीच ओढत दुर्गच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, धुराने फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. मावशी उसळलीच. "बिडीले मी कदी हात नाई लावला, डाक्टरसाहेब! मंग मलेच कावून?"

"चूल्हे का धुआँ भी वही करता है, माताजी. ये बीमारी पूरे देश में है, लोगों को पता ही नहीं."

"देशाचं तुमाले माहीत. आमच्या ओळीत त सारेच खोकून राहिले."

डॉक्टरांनी पंप दिला. दम लागला की तोंडात धरून दाबायचा, औषध आत ओढायचं. पहिल्यांदा छाती मोकळी झाली तेव्हा मावशी चक्क रडली. आणि घरी येऊन बाईने केलं काय? ओळीत पंप फिरवला! शेजारच्या कमलाची सासू धापा टाकत होती, तिला दिला. मग पलीकडच्या घरी. मी तणतणले, "मावशी, औषध आहे ते, विस्तव नाही वाटत सुटायला!" ती हसली, हसता हसता खोकली. "मले दम लागते तसा तिलेही लागते नं, पोरी. तिले तडफडतानी पाहू, अन् पंप डब्यात ठेवू का?" अशा बाईशी भांडायचं तरी कसं? राग यायचा तिचा, आणि जीवही होता तिच्यावर.

त्या थंडीत सकाळी ती शेगडीपुढेच कोसळली. ओठ निळे पडलेले, बोलता येईना, नुसता हात हलवत होती. पंप डब्यात नव्हता. तिच्या नवऱ्याला दवाखान्यासाठी गाडी बघायला पिटाळून मी कमलाकडे धावले. तिने तो आदल्या दिवशीच पुढच्या घरी दिला होता. तिथेही नाही. ज्या दारात जावं तिथे तोच खोकला, तीच छातीची घरघर. ओळीच्या टोकाला एका म्हातारीच्या उशीखाली सापडला. धावत आले, मावशीच्या तोंडात धरून दाबला. काहीच निघालं नाही. पुन्हा दाबला. ती माझ्याकडे बघत होती. गाडी यायच्या आत गेली.

मातीवरून परतल्यावर पंप मुठीत घेऊन मी ओळीत उभी राहिले अन् ओरडले, "कोणी संपवला हा?"

कमला रडत दारात आली. "माया सासूनं एकच डाव ओढला, ताई. एकच."

पलीकडची म्हणाली, एकच. सगळ्याच तेच म्हणाल्या. आणि मेल्या सगळ्या खरंच सांगत होत्या.

तेवढ्यात आत कमलाची सासू पुन्हा धापा टाकू लागली. कमलाने माझी मूठ उघडून पंप काढून घेतला, कानाशी धरून हलवला, आणि लगबगीने आत गेली.