हत्याराच्या हाताकडे तोंड

कुठलंही चिन्ह हातात आलं की हवालदारकाका आधी ते स्वतःच्या छातीवर टेकवायचे. पलटणीचा बिल्ला असो, नाहीतर शाळेच्या गणवेशावरचा. मग मान खाली घालून बघायचे आणि म्हणायचे, "बघणाऱ्याचं नसतं हे. घालणाऱ्याचं असतं."

मिरकरवाड्याच्या रस्त्यावर त्यांचं शिलाई मशीन होतं. पिशव्या शिवता शिवता ते माजी सैनिकांच्या कोटांसाठी जरीचे बिल्ले भरायचे. मी शेजारच्या छापखान्यात पत्रकं लिहायचो. अजूनही लिहितो. तुमच्याही बाजारात असा एखादा ताठ म्हातारा असेल. मला काकांशी भांडल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

"काका, चिन्हं म्हणजे माणसांची मेंढरं करायची युक्ती."

"मेंढराला डाग देतो मालक. आम्हाला हे आमच्या मेलेल्यांनी दिलंय, पत्रकवाले."

त्यांच्या पलटणीचं चिन्ह म्हणजे पंख पसरलेला ससाणा. त्याचं तोंड घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडे, कारण हत्यार त्या हातात. "डावीकडे वळलं की पाठ दाखवली," काका सांगायचे.

काकांच्याच शब्दावर त्या पलटणीत भरती झालेला जवळच्या गावातला एक पोरगा सीमेवर पडला. गावाने जांभ्याचा चौथरा बांधून त्यावर काळा दगड उभा केला. निमंत्रणपत्रिका मी छापली. ससाण्याचा पुठ्ठ्याचा साचाही मीच कापला आणि रंगाऱ्याने रंग मारला तेव्हा दगडावर धरलाही मीच.

अनावरणाच्या सकाळी काका पदकं लावून आले. दगडासमोर थांबले. वळून दगडाला पाठ लावून उभे राहिले, खांद्यावरून मागे बघितलं. ससाणा त्यांच्या डाव्या हाताकडे वळलेला होता. म्हणाले, "पुसा."

सरपंच धावत आले. "काका, पावने हातखंब्यात पोचलेत! पाखराचं तोंड कोन बगतंय?"

"ह्याची आय बगतेय."

पोराची आई पहिल्या खुर्चीत होती. गावात कुजबूज होती की पोरगा पळताना पडला. गोळी पाठीत लागली म्हणे. कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या कानावर मात्र सगळ्यांनी घातलं होतं.

"पारावर बोलत होतात," काका म्हणाले, "आता दगडावर रंगवलंत."

सगळे रंगाऱ्याकडे वळले. सरपंचांनी त्याची कॉलर धरली. "दारू पिऊन आलावतास काय रे?" तो माझ्याकडे बघत राहिला. चौकाचौकांत सत्याच्या नावाने पत्रकं वाटणारा मी, आणि त्याची कॉलर मी तशीच धरू दिली. किती वेळ, ते मला सांगवत नाही.

"साचा मी धरला होता," मी शेवटी म्हणालो. "उलटा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"मग उभा काय? थिनर आण."

आम्ही पुसत असतानाच गाड्या आल्या. पाहुणे उतरले. समोर कोरा, वास मारणारा दगड. सरपंच कुजबुजले, "काका, बाजूला व्हा, निदान हार तरी घालून घेऊ दे." काका हलले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं उन्हात थांबा. तो बर्फात थांबला होता."

पाहुणे थांबले. ढोल थांबले.

तेवढ्यात आई उठली. माझ्या हातातून साचा घेतला, काका बिल्ला टेकवायचे तसा स्वतःच्या छातीशी धरला आणि काकांना विचारलं, "असा?"

"असाच, बाय."

साचा तिनेच दगडावर धरला. रंगाऱ्याने रंग मारला. साचा निघाला. ससाणा त्या पोराच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"रंग ओला आहे. हार खाली ठेवा," काकांनी पाहुण्यांना सांगितलं आणि सलाम ठोकला.

नंतर एकदाही ते त्या सकाळबद्दल बोलले नाहीत. या वर्षी काका गेले. मशीनच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. मला दिसतो तो तेवढाच सलाम. बोटांवरचा पांढरा रंग भुवईला लागला होता आणि तो पुसून घ्या, असं सांगायला सबंध गावात कोणी पुढे झालं नाही.