कांडपाआधीची शिंक

ये बाई, अशी जवळ सरक. कागदातनं का होईना, पण जवळ बस, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. तुझ्या आईचा फोन आला होता. तू घरापुढं शिवणकामाच्या दुकानाचा पाया खोदलास म्हणं, नगरपालिकेचा माणूस येऊन विचारून गेला म्हणं, आणि तेव्हापासनं तू तोंड लपवून बसलीयस म्हणं. अगं, ब्लाऊज शिवताना आधी माप घेतीस की आधी कात्री चालवतीस? मग एवढं दुकान बांधायचं तर आधी जाऊन विचारायला काय पाय मोडले होते? रागावत नाही मी. रागवायचं असतं तर फोनच केला असता, एवढं लिहीत बसले नसते. आमच्या कांडपाची गोष्ट तुला कुणी नीट सांगितलीच नाही, म्हणून सांगते.

आमची सून तुला ठाऊक आहे. बोलायला कमी, करायला जास्त. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या बायकांच्या वाळक्या मिरच्या गोळा करायची आणि एसटीनं तालुक्याला नेऊन कुटून आणायची. जाताना काही नसायचं. येताना मात्र ते तिखटाचे डबे कितीही फडक्यात बांधले तरी अर्धी गाडी डोळे पुसायची. एकदा कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमचं तिकीट मी माझ्या खिशातनं काढतो, पण तुमी मागच्या गाडीनं या." त्या दिवशी घरी येऊन तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आत्या, आपलंच कांडप टाकू."

बचत गटातल्या बायका लगेच तयार झाल्या. मिरची कुटायचं मशीन गटानं घ्यायचं, चालवायचं सुनेनं. जागा पण ठरली. आमच्या घरापुढं, रस्त्याला लागून, महादेवाच्या देवळासमोर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात भरंल अशी. सगळ्यांना पसंत, मलाही पसंत. पण मनात एक किडा वळवळत होता. शेजारच्या गावात एकानं असंच कुणाला न विचारता कांडप टाकलं होतं. सिमेंटच्या ओट्यात मशीन बोल्ट आवळून बसवलं, पेढे वाटले, आणि गावानं तक्रार करून ते बंद पाडलं. उचलून दुसरीकडं न्यावं तर ओटा फोडावा लागतो. आता त्या मशीनच्या तोंडात कोंबड्या अंडी घालतात. त्याचं एकट्याचं होतं, त्यानं सोसलं. आमचं गटाचं. आमच्या मशीनवर कोंबडी बसली असती तर सुनेला साऱ्या बायकांपुढं मान वर करता आली नसती.

म्हणून मी म्हटलं, आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारते. हे ऐकून माझे धाकटे दीर हसले. ते बेंबळीला राहतात, पण आमच्याकडं काही ठरायला लागलं की त्यांची फटफटी दारात हजर.

"वैनी, विचारलं की न्हाय म्हणत्यात. बांधलं की गप बसत्यात. कायदाच हाय ह्यो."

"कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकात कशाला? माझा वरचा मजला बगा."

"बगितलाय की. जिन्याला जागाच न्हाई ठिवली. अजून शिडी लावून चढताव तुमी."

सून पदरात तोंड घालून आत गेली. मी दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून पंचायतीत गेले.

आमचा ग्रामसेवक तरणा माणूस. स्वभावानं बरा, पण लोकांचं खोटंनाटं ऐकून ऐकून चेहरा आंबलेला. मला खुर्ची दिली आणि वर न बघताच म्हणाला, "बोला आजी. कुठपर्यंत आलंय बांधकाम?"

"कुठपर्यंतच न्हाई."

"पाया तरी?"

"न्हाई."

"वाळू येऊन पडली असेल."

"न्हाई वो. विचारायला आले."

आता त्यानं पेन खाली ठेवलं. "कुणाची तक्रार करायचीय का?"

"न्हाई."

"मग नोटीस आली का?"

"नोटीस तुमीच द्यायची ना? दिली का?"

"नाही."

"मग न्हाई आली."

तो उठला, दारातनं बाहेर डोकावला, माझ्यामागं आणखी कुणी उभं आहे का ते बघून परत बसला. "आजी, बांधायच्या आधी या खुर्चीवर कुणी येऊन बसलेलं मी बघितलेलं नाही. मला आता तुम्हाला काय विचारायचं तेच सुचेना."

मग त्यानं चहा सांगितला, आणि चहाबरोबर त्याला एकेक सुचायला लागलं. मशीन केवढं, दिवसभर चालणार का, शेजारी कोण, समोर काय, वीज कुठनं घेणार. वीज कंपनीतही असंच आधी जाऊन विचारा म्हणाला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "आता अर्ज देऊ?"

"अर्ज देऊ नका," तो म्हणाला. "अर्ज आला की मला त्यावर हो नाहीतर नाही लिहावं लागतं. आधी जागा बघू. मग अर्जात काय लिहायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल." हे वाक्य तेवढं पदराला गाठ मारून ठेव बाई.

आता हे इतकं सरळ. पण आपल्याकडं माणूस पंचायतीत एवढा वेळ बसला म्हणजे त्याचं काहीतरी बुडालेलं असतं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. पहिली आली ती म्हणाली, "काकू, नोटीस आली म्हणं." दुसरी म्हणाली, "घरापुढचं पाडणार म्हणं." दिवेलागणीला पलीकडची म्हातारी झाकून पिठलं-भाकर घेऊन आली. आपल्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी आणतात तसं.

"अगं, कोण गेलं?" मी विचारलं.

"घर चाललंय म्हणं," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

घर कुठं जात नाही हे तिला पटवता पटवता पिठलं गार झालं. चांगलं झालं होतं. आम्ही खाल्लं.

सोमवारी संध्याकाळी ग्रामसेवक जागा बघायला आला. बरोबर सरपंचबाई. दीर तर परीटघडीचे पांढरे कपडे घालून आधीच उभे. समोर महादेवाच्या देवळात सोमवारचं भजन रंगात आलं होतं.

"कांडप जास्त कधी चालणार?" ग्रामसेवकानं विचारलं.

"होळी झाली की पाऊस पडंपर्यंत," सून म्हणाली.

"म्हणजे हेच दिवस. मग वारं कुठून येतं या दिवसात?"

बाई, जन्म गेला आमचा त्या अंगणात, पण चौघांनी चार दिशांना बोटं केली. दीर तर वाद घालायला लागले. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "काकू, भांडायचं कशाला? उखळ आणा."

सुनेनं उखळ आणलं. जिथं मशीन बसवायचं, बरोबर तिथं मांडलं, मूठभर लवंगी मिरच्या टाकल्या आणि मुसळ हाणायला सुरुवात केली. थोडा वेळ काहीच नाही. दीर देवळाच्या अंगाला कमरेवर हात ठेवून उभे होते. "बगा सायेब, काय बी व्हत न्हाई," एवढं म्हणून पुढचं बोलायला त्यांनी श्वास घेतला, आणि पुढचं सगळं नाकानं बाहेर आलं. एक शिंक झाली, दोन झाल्या, मग मोजायचं सोडून दिलं.

तेवढ्यात देवळातला टाळ थांबला. पखवाजवाला शिंकला, तोही बरोबर समेवर. बुवांनी वरचा सूर लावायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. मग एकेक म्हातारा उपरणं डोळ्याला लावत पायऱ्या उतरायला लागला.

"कुणाच्या घरी मिरच्या कुटायलेत रं?"

"आमचं जाऊ द्या," त्यांतले सगळ्यांत थोरले म्हणाले. "महादेवाला तीन डोळे हायत. त्याचं कसं व्हायचं?"

ग्रामसेवक रुमालात नाक खुपसून म्हणाला, "आजी, ही मूठभर. मशीन पोती कुटणार."

सगळे डोळे पुसत होते. सून तेवढी मुसळ मांडीवर घेऊन तशीच बसली होती. परक्या माणसापुढं विचारल्याशिवाय कधी तोंड न उघडणारी ती, पण त्या दिवशी म्हणाली, "मग आता टाकायचंच न्हाय का?"

"तसं कुठं म्हटलं? इथं नाही. दुसरी कुठं जागा आहे का तुमची?"

होती. गावाच्या उगवतीच्या टोकाला आमचा जुना गोठा. त्याच्यापलीकडं नुसतं रान. सुनेनं उखळ कमरेवर घेतलं आणि निघाली. मागं ग्रामसेवक, त्याच्यामागं सरपंचबाई, आणि त्यांच्यामागं टाळ गळ्यात तसेच ठेवून सगळी भजनी मंडळी, कारण आता त्यांचाही जीव त्यात अडकला होता. गोठ्याजवळ पुन्हा मुसळ पडलं. वारं मावळतीकडनं आलं, लाल धूळ उचलली आणि थेट दिरांच्या वाटणीच्या मोकळ्या रानात नेऊन टाकली. दिरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण सगळी भजनी मंडळी त्यांच्याकडंच बघत होती. मग ते म्हणाले, "पडू द्या. रान जरा तिखट व्हईल."

तरी सुनेचा चेहरा खुलेना. "एवढ्या आडबाजूला कोण येणार, आत्या?"

उत्तर मी नाही दिलं. ते थोरले म्हातारे म्हणाले, "पोरी, तू आमच्या नाकापसनं लांब जायलीस. वाट दावायचं काम आमचं."

मग अर्ज दिला. त्यात काय लिहायचं ते आम्हाला खरंच कळलं होतं. कुणी हरकत घेतली नाही. घेणार कोण, ज्यांनी घ्यायची ते सगळे आधीच शिंकून मोकळे झाले होते. आता मशीन गोठ्यात बोल्ट आवळून बसलंय, आणि परगावची बाई पोतं घेऊन गावात उतरली की देवळाच्या पायरीवरनं म्हातारे हात करतात, "कांडप का? सरळ जावा, शेवटचा गोठा." सुनेला आता उन्हाळ्यात जेवायला सवड होत नाही. कोंबड्या आहेत, पण त्या टोपलीत अंडी घालतात.

आणि दीर. परवा फटफटीवरनं आले. बेंबळीला शेड मारायचंय. म्हणाले, "वैनी, म्हणतो आधी जाऊन विचारावं. तुमी येताव का संगं? बांधल्याबिगर कधी गेलो न्हाई, लाज वाटती."

तर तुझं काय बिघडलंय, सांग? खड्डा तेवढा झालाय, अजून वीट चढली नाही. उद्याच नगरपालिकेत जा आणि त्यांनाच विचार, रस्त्यापासनं किती सोडू म्हणून. ते म्हणतील, किती बांधलंय? खरं ते सांग. चहा दिला तर नको म्हणू नकोस, चहाबरोबरच त्यांना सुचतं. आणि आईला पिठलं-भाकर येऊ लागली तर घाबरू नका, खाऊन घ्या.

ते झालं की इकडं ये. पावसाच्या आत ये, आईच्या मिरच्याही घेऊन ये, सून कुटून देईल. फार दिवस लावू नकोस बाई, डोळे लागलेत तुझ्या वाटेकडं. मशीन चालू असलं तर तेवढं गोठ्याच्या मावळतीच्या दारानं आत ये.