उणे आठ

खोटं कशाला बोलू, तवा मला ह्यांचा रागच यायचा. मीबी बारावी सायन्स, हेबी. गणितात मला एकोणऐंशी, हे काठावर पास. पण लग्न झालं आन् माझ्या वह्या गेल्या माळ्यावर. हे, म्हंजी हनुमंत, लागले रांजणगावात कंत्राटी कामाला. दोन हजार चारला तिथं एका कंपनीत क्वालिटी खात्यात एक जागा निघाली. बारावीच्या गणिताची लेखी परीक्षा. हेच म्हणाले, "दोघंबी फॉर्म भरू. कुणाचं तरी लागंल."

महिनाभर मीच शिकवलं. पण एक खोड काय जाईना. उत्तर उणे आलं की ह्यांनी काट मारलीच! सासऱ्यांबरोबर मेंढरं राखलेला माणूस. म्हणायचे, "उणं मेंढरू कुणी बघितलंय का?" मी कपाळाला हात लावायची.

परीक्षेच्या सकाळी वाटेत न्हावरे गावात चहाला थांबलो. ह्यांनी तिथल्या वर्तमानपत्राच्या कडेला गणित घेतलं: क्ष चा उणे दोन तृतीयांश घात बरोबर एक चतुर्थांश. घात उणे, म्हणून दोन्ही बाजू उलटवल्या. उजवीकडं चार आलं. मग दोन्हींचा घन केला. क्ष चा वर्ग चौसष्ट. खाली लिहिलं, आठ आन् उणे आठ. आन् उणे आठवर मारली काट.

"बरोबर हाय ना गं?"

उणे आठाचाबी वर्ग चौसष्टच, दोन्ही उत्तरं खरी, एवढंच सांगायचं होतं. पण जागा एकच. ह्यांना लागली तर मी जल्मभर चुलीपुढंच.

"अगं बोल की, उशीर होतोय."

"बरोबर हाय," मी म्हणाले आन् अर्धा चहा टाकून उठले.

पेपरात तसलंच गणित आलं, एकेका उत्तराला एकेक मार्क. आठ दिवसांनी यादी लागली. पहिली मी. दुसरे हे, एका मार्कानं मागं.

ह्यांनी शिरूरहून पेढे आणले, वस्तीवर घरोघर वाटले. "आमची रुपाली पहिली! तिनं शिकवलं म्हणून मीबी दुसरा!" मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर माझ्या हातात पेढा देत म्हणाले, "ते न्हावऱ्याचं गणित आलं होतं बघ. मी आधी दोन्ही उत्तरं लिहिली होती. मग तुझं 'बरोबर हाय' आठवलं, म्हणून एक खोडलं."