तन्मणी आणि माझी खात्रीची अंगठी

परीक्षा घेतल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि या सवयीपायी आईचा तन्मणी गिरगावातल्या एका अनोळखी माणसाच्या कपाटात तीन दिवस पडून होता.

मी परळच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे रोज सकाळी, पहिला पेशंट घ्यायच्या आधी, मशीनला एक असा नमुना देतात ज्याचं उत्तर आम्हाला आधीच ठाऊक असतं. मशीनने तेच उत्तर दिलं तर मशीन बरोबर. याला आम्ही कंट्रोल म्हणतो. सत्तावीस वर्षं रोज हेच केलं की माणूस घरीसुद्धा तसाच वागायला लागतो. (कोथिंबीरवाल्याला मी आधी आल्याचा भाव विचारतो, कारण तो मला माहीत असतो.)

तर झालं असं, की अँटॉप हिलला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, शुभाताईच्या मुलीचं, इराचं, लग्न ठरलं. आई आमच्याकडे भोईवाड्यात असते. तिने लगेच जाहीर केलं, "माझा तन्मणी इराला." आणि मग समोर माझी मुलगी सई बसलेली दिसली तेव्हा म्हणाली, "आणि तेवढ्याच किमतीचं सोनं सईला."

तेवढ्याच म्हणजे किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोत्यांचे सहा सर, मधोमध पदक, पदकात एक पाचू आणि भोवती लाल खडे. आईला तो तिच्या आजीकडून आलेला. सोनं असतं तर वजनकाट्यावर टाकून मोकळे झालो असतो. पण खड्याची किंमत बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते, आणि ते डोळे कुणाचे आहेत यावर सगळं.

"विश्वासाचा माणूस शोध, अवि," ताई म्हणाली. "उद्या माझ्या घरी कुणी म्हणायला नको की मामाने किंमत फुगवून सांगितली, आणि तुझ्या घरी कुणी म्हणायला नको की आत्याने जास्त लाटलं. तू लॅबवाला आहेस. तूच कर."

एवढा मान मला आमच्या घरात त्याआधी कधी मिळाला नव्हता. मी लगेच कंट्रोल शोधला. तो माझ्या बोटातच होता. लग्नात सासऱ्यांनी, अण्णांनी, मला माणकाची अंगठी दिली होती. ठरवलं, तन्मणी बाहेरच काढायचा नाही. आधी अंगठी दाखवायची. जो तिला माणिक म्हणेल, तो पारखी खरा.

तन्मणी मी जेवणाच्या डब्यात ठेवला, पोळ्यांच्या रुमालात गुंडाळून, आणि डबा छातीशी धरून दादरला गेलो. बसमध्ये शेजारच्याने "काका, जरा सरका" म्हटलं तरी मी त्याचा चेहरा पाठ करून ठेवत होतो.

दादरला विजयकर बाई. पहिल्या मजल्यावरची खोली, एक टेबल, एक दिवा. बाईंनी डोक्यावर अडकवलेलं भिंग डोळ्यांवर ओढलं, अंगठी फिरवली आणि म्हणाल्या, "काच आहे. चांगली काच आहे, पण काच. आत बुडबुडे दिसताहेत."

"बाई, तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय का?"

"बदललाय. गेल्याच महिन्यात नवा केला." बाई अजिबात रागावल्या नाहीत. "डब्यात आणखी काही आहे का? असेल तर दाखवा. फी तेवढीच. दागिना भारी निघाला म्हणून मी जास्त घेत नाही, आणि मी विकत तर काहीच घेत नाही."

मला हेच संशयास्पद वाटलं. जी बाई विकत घेत नाही तिला किंमत काय कळणार? मी डबा उचलून खाली आलो.

मग खोताच्या वाडीतले एक निवृत्त पारखी. व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून बसले होते. अंगठी उन्हात धरली, परत माझ्या तळहातावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "ग्लास हाय रे, बाबा. बायकोला सांगू नको." मग लालबागचा एक तरुण पारखी, त्याच्याकडे मशीन होतं. मशीनही काचच म्हणालं.

"सकाळी मशीनला कंट्रोल दिला होता का?" मी विचारलं.

"काय दिला होता?"

मला हवं ते उत्तर मिळालं होतं. तीन पारखी, तिघेही नापास. आठवडा गेला, ताईचे रोज दोन फोन, आणि माझी झोप उडालेली. मुंबईत एक प्रामाणिक माणूस उरला नाही, असं मी वैजूला, म्हणजे बायकोला, म्हटलंही. कोण काय म्हणालं ते मात्र सांगितलं नाही. तिच्या वडिलांच्या अंगठीला लोक काच म्हणताहेत, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

चौथा भेटला गिरगावात. दुसऱ्या मजल्यावर थंडगार दुकान, गादीवर शेठ. आधी पियूष आलं, मग शेठनी अंगठी घेतली. भिंगसुद्धा लावलं नाही.

"वा साहेब. बर्माचं माणिक. असा माल आता बघायला मिळत नाही. कोणाची पसंती?"

"सासऱ्यांची," मी अभिमानाने म्हटलं. शेठनी एक आकडा सांगितला. तो ऐकून मी उरलेलं पियूष एका घोटात संपवलं आणि डबा उघडला.

तन्मणी बघताना मात्र शेठचा चेहरा पडत गेला. "साहेब, तुम्ही घरचे म्हणून सांगतो. पाचू खोटा आहे. मोतीसुद्धा तसेच. कोणाला दाखवू नका, लग्नघर आहे, उगाच शोभा होईल. माझ्याकडे ठेवून जा, दोन दिवस नीट तपासतो. अगदीच काही नाही निघालं तर मीच ठेवून घेईन, पाहुण्यांपुढे लाज नको."

मी त्यांचे आभार मानले. त्यांनी चिठ्ठी दिली: 'जुना हार, एक, खोटा.' मी ती घडी करून पाकिटात ठेवली, आणि रिकामा डबा घेऊन घरी आलो.

पुढचे दोन दिवस एकच प्रश्न. आईला काय सांगू? तिच्या आजीचा तन्मणी खोटा? आई विचारायची, "काय रे, झालं का काम?" आणि मी म्हणायचो, "रिपोर्ट यायचाय." लॅबमध्ये दोन बाटल्यांवर एकच नाव चिकटवलं. साहेबांनी मला घरी जायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैजू मेथी निवडत होती. तिने जुडी बाजूला ठेवली.

"अहो, काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. तन्मणी खोटा असल्याचं ऐकून ती दचकली नाही. ती दचकली दुसऱ्याच गोष्टीला.

"तो माणूस खरा, हे तुम्ही ठरवलंत कशावरून?"

"अंगठीवरून. तिघांनी काच म्हटलं. यानेच एकट्याने बरोबर ओळखलं."

वैजूने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "अहो, ती काचच आहे."

मी खुर्चीवर बसलो. बसलेलोच होतो, पण पुन्हा बसल्यासारखं झालं.

"लग्नाच्या आधी माझ्या दादाचं ऑपरेशन निघालं ना, तेव्हा अण्णांचे हात रिकामे झाले. म्हणाले, आत्ता काच बसवतो, दिवाळसणाला गुपचूप खरा खडा घालून देतो. आणि दिवाळसणाला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, 'अण्णा, काय पाणी आहे हो या माणकाला.' त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. त्यानंतर अंगठी मागायचा त्यांना धीरच झाला नाही. आणि तुम्हीही ती घरी बोटातून कधी काढली नाहीत."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, याला अंगठी नको, घड्याळ द्या."

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं काय चुकलं होतं? मला खूप वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याला पाच मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत, कारण तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. अंगठी काच. म्हणजे ते तिघे खरे. म्हणजे शेठ...

मी पाकिटातली चिठ्ठी काढून वैजूला दाखवली. "'खोटा' असं लिहून दिलंय, आणि तुम्ही ते घेतलंत?" तिने विचारलं, आणि ताईला फोन लावला.

ताई टॅक्सीने थेट गिरगावातच आली. दुकानाच्या जिन्यावर भेटली तेव्हा तिने मला एक शब्दही विचारला नाही. लहानपणी मी तिची सायकल हरवली होती, तेव्हाही ती अशीच गप्प होती.

शेठ गादीवरच होते. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. "या साहेब. काम चालू आहे. अजून दोन दिवस द्या."

मी म्हणणार होतो, "बरं." तोंडही उघडलं होतं. पण वैजू माझ्या पुढे जाऊन बसली आणि माझं बोट धरून तिने अंगठी उपसली. चोवीस वर्षांची अंगठी, पारख्यांकडे मी ती साबण लावून काढायचो; अशी कोरडी निघताना मी ओरडलो.

"शेठ, यांना तुम्ही हिचा आकडा सांगितलात ना? त्या भावात द्यायची आहे. आत्ता."

शेठ हसले. "अहो वहिनी, असा वडिलांचा माल विकू नये."

"माझेच वडील. त्यांना चालेल. काढा पैसे."

गिऱ्हाइकांपैकी एक बाई पुढे वाकल्या. "बघू, माणिक आहे का?"

"बर्मा आहे," ताई म्हणाली. "शेठनी स्वतः सांगितलंय. भिंगसुद्धा लागलं नाही त्यांना."

शेठनी अंगठीला हात लावला नाही. त्या बाई शेठकडे बघत होत्या, आणि शेठ छताकडे. मग ते उठले, आतल्या कपाटातून तन्मणी आणला आणि गादीवर ठेवला. "तपासणी झाली," म्हणाले.

"हाच का?" मी विचारलं. मला तर सगळे तन्मणी सारखेच दिसतात. ताईने सर उलटे केले. तिसरा सर आईने कधीतरी घरीच गुलाबी शिवणदोऱ्यात ओवला होता. दोरा तिथेच होता. ताई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "ऊठ."

तिथून थेट दादर. विजयकर बाईंनी मला ओळखलं. "नंबर अजून तोच आहे," म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. काम तासभर चाललं. ताईने माझ्या मनगटाला धरून ठेवलं होतं. ते प्रेमाने की मी आणखी कुठे जाऊ नये म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता.

"मोती खरे, समुद्रातले," बाई शेवटी म्हणाल्या. "पाचू खरा. लाल खड्यांतले दोन नंतर कुणीतरी बदललेत, ते साधे आहेत. काही खड्यांची मागची बाजू कोंदणात बंद आहे. ती मला दिसत नाही, म्हणून त्याबद्दल मी काही लिहिणार नाही."

जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांगणारा माणूस गेल्या दोन आठवड्यांत मला पहिल्यांदाच भेटत होता. भेटला आधीही होता, पण तेव्हा मी त्याच्या चष्म्याची चौकशी करत होतो. ताईने आकडा वाचला, वैजूने वाचला, दोघींनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. वैजूने तिला पदर दिला.

"दागिना ताब्यात कोण घेणार?" बाईंनी विचारलं.

मी हात पुढे केला. तोपर्यंत तन्मणी ताईच्या पर्समध्ये गेला होता आणि पर्स वैजूच्या काखेत.

"मग साक्षीदार म्हणून तरी यांची सही लागेल," बाई म्हणाल्या. मी पूर्ण नाव घालून, अगदी नीट, सही केली. बाईंनी कागद दिव्याखाली धरला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि डोक्यावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं.