साखर नसलेले लाडू

जयसिंगरावांच्या दंडांचं एके काळी कॉटनपेटेत कौतुक होतं. गरडीत, म्हणजे तिथल्या तालमीत, ते पोरांना मातीत लोळवायचे आणि घरी येऊन लेकीला शब्दांनी. अंजली लहानपणापासून अंगानं भरलेली. अप्पा तिला गोणी म्हणायचे. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही त्यांनी हाक मारली, "ए गोणी, कॉफी आण!" पाहुणे खो खो हसले, कॉफी पिऊन गेले, ते गेलेच. पुढं तिचं लग्न कुठं जमलं नाही.

ती पन्नाशीला टेकली आणि अप्पांची उजवी बाजू लुळी पडली. धाकटा भाऊ गिरीराज होसकोट्याच्या कारखान्यात सुपरवायझर. तो म्हणाला, "अक्का, तूच बघ. तुझ्यामागं कुठं संसार आहे?" अंजलीनं शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि जे. पी. नगरच्या घरात बापाची उस्तवार करू लागली.

अप्पांना साखरेचा आजार जुना. डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलं, भात चार घासांवर आणला, आणि बजावलं, "अंगावरचं मांस झडतंय. प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे."

अंजलीनं फोनवर व्हिडिओ बघून लाडू करायला घेतले. गॅस नको, पाक नको. भाजके दाणे आणि बदाम मिक्सरमधून काढायचे, त्यात खोबऱ्याचा कीस, डब्यातली प्रोटीन पावडर आणि वेलची घालायची, मळून वळायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. बघायला सोपं. पहिले लाडू भुसभुशीत झाले, अप्पांना ठसका लागला. नंतरचे टाळूला चिकटले. शेवटी दुधाची साय घालून मळल्यावर जिभेवर विरघळतील असे जमले.

अप्पा ते खायचे, पण अर्धा लाडू तिच्या तळहातावर थुंकल्याशिवाय नाही. "माती!" म्हणायचे. कोणी भेटायला आलं की सांगायचे, "हिला जन्मात काही जमलं नाही." तरी हळूहळू त्यांच्या अंगात बळ आलं. डाव्या हातानं पेला धरता येऊ लागला.

एका रविवारी गिरीराज बायकोला, सुप्रीताला, घेऊन आला. अंजली औषधं आणायला गेली होती. परतली तर अप्पांच्या हनुवटीला तूप लागलेलं आणि मांडीवर म्हैसूरपाकाचा खोका अर्धा रिकामा.

"गिरी, काय केलंस हे!"

"जाऊ दे गं अक्का. स्वल्प खाल्लं. किती दिवसांनी हसले बघ."

दुसऱ्या दिवशी अप्पा हाकेला ओ देईनात. दवाखान्यात न्यावं लागलं. ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? अप्पांनी डावा हात उचलून अंजलीकडे बोट केलं. "हिची पावडर."

"मी म्हणतच होते," सुप्रीता म्हणाली. "त्या डब्यातल्या पावडरीचा काय भरवसा?" म्हैसूरपाक तिनंच दुकानातून निवडून घेतला होता.

अंजलीनं भावाकडे पाहिलं. "गिरी, सांग की."

गिरीराज सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिला. "आता तो विषय कशाला, अक्का?"

अप्पांना ते होसकोट्याला घेऊन गेले. नातेवाइकांत बोभाटा झाला, की लेकीनं म्हाताऱ्याला भलतंच खाऊ घालून मरणाच्या दारात नेलं. गिरीराजनं तो कधी खोडून काढला नाही.

पुढं त्याचाच फोन आला. "अक्का, अप्पांनी अन्न टाकलंय. सुप्रीतानं लाडू करून बघितले, ते थुंकतात. तुझेच मागतायत. येताना घेऊन ये."

"सरी, येते," अंजली म्हणाली.

सकाळी तिनं दाण्यांची बरणी काढली. थोडा वेळ ओट्यापाशी उभी राहिली आणि बरणी परत फळीवर ठेवून बस पकडायला निघाली.

अप्पा ओळखू येत नव्हते. दंडांची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. अंजली दिसताच त्यांचे डोळे तिच्या हातांकडे गेले.

"लाडू?"

"आणले नाहीत."

"का गं?"

"माझी पावडर बाधते ना तुम्हाला."

त्यांचा डावा हात तिच्या पदराकडे सरकला. तिनं पदर ओढून घेतला. दारात गिरीराज उभा होता, त्यानं सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. सुप्रीतानं कॉफी आणून दिली. अंजली ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

त्याच आठवड्यात अप्पा गेले. भेटायला आलेल्या बायका तिला जवळ घेऊन म्हणत, "शेवटपर्यंत तुझंच नाव होतं गं त्यांच्या तोंडी."

अंजली मान हलवायची. रडू येईल म्हणून तिनं पुष्कळ वाट पाहिली, पण आलं नाही. तिला एवढंच वाटत होतं, की त्यांनी अजून एकदा मागायला हवं होतं. पुन्हा एकदा नाही म्हणता आलं असतं.